रक्ताची हगवण लागली की लगेच "कुणीतरी विष घातलं" म्हणू नका

काल गल्लीत परत तेच कानावर आलं, कुत्र्याचं पिल्लू रक्त हगतंय, कुणीतरी कायतरी खाऊ घातलं असंल. म्हणून आज लिहितोच.

आमच्या आखाड्यावर अडीच महिन्याचा मोत्या होता. पहिल्या दिवशी फक्त दूध-भाकर तशीच ठेवली, हाक मारली तर शेपटी हलवली पण उठला नाही, आम्ही म्हणलं ऊन लागलं असंल. दुसऱ्या दिवशी पिवळा फेस ओकायला लागला आन् रात्री पातळ रक्ताची संडास, त्याचा तो सडका वास अजून नाकातून जात नाही. एकजण म्हणला ताक पाजा, आम्ही बळंच पाजलं, तेबी ओकला (ओकणाऱ्या पिल्लाला असं तोंडात ओतू नका, फुफ्फुसात जाऊ शकतं). मी तर सरळ बांधाशेजारच्या काकांवर संशय घेऊन भांडून आलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडं नेलं. त्यांनी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली, अंगात पाणीच उरलं नव्हतं. म्हणले पार्वो, कुत्र्यांना होणारा व्हायरसचा आजार. रात्रीच गेला.

हा व्हायरस आतड्याचं अस्तरच सोलून काढतो, वरून पांढऱ्या पेशीबी मारतो. अंगात शिरल्यावर 3 ते 7 दिवसांनी लक्षणं दिसतात. काहीच उपचार नाही केले तर 10 मधली 9 पिल्लं जाऊ शकतात, पण वेळेत सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक मिळालं तर बरीच वाचतात. मलूल पडलं, खाणं सोडलं, ओकलं की त्याच दिवशी न्या हो, रक्त दिसायची वाट बघू नका!

आन् लस. 6 ते 8 आठवड्याला पहिला डोस, मग दर 3-4 आठवड्याला, 16 आठवडे होईस्तोवर. एका डोसवर थांबू नका, आईच्या चिकातून आलेली ताकद लहानपणी लसीला लागू पडू देत नाही, म्हणून परत परत द्यावी लागती. मोत्या जिथं बसायचा तिथं लगेच दुसरं पिल्लूबी आणू नका, हा व्हायरस मातीत वर्षभर टिकू शकतो, सॅनिटायझरनी मरत नाही. फरशी असंल तर आधी घाण धुवा, मग 1 भाग ब्लीच 30 भाग पाण्यात टाकून 10 मिनिटं ओली राहू द्या.

त्या काकांची माफी मागायला मला दोन महिने लागले. आता त्यांनीच पिल्लू आणलंय, शुक्रवारी त्याचा दुसरा डोस आहे, गाडीवर मीच नेणार आहे.