चालू संगणकात रॅम खोचण्यापूर्वी

माझा भाचा अमळनेरला ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान चालवतो. परवा त्याचा फोन आला तेव्हा संगणकाचे झाकण उघडलेले होते, पंखा फिरत होता आणि ८ जीबी रॅमची, म्हणजे संगणकाच्या कामचलाऊ मेमरीची, पट्टी त्याच्या हातात होती. “मामा, लिनक्स आहे ना, बंद करायची गरज नाही म्हणे.” हे ‘म्हणे’ मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशातले : लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये रॅम चालू संगणकातच लावावी, कर्नल (लिनक्सचा गाभा असलेला प्रोग्रॅम) ती आपोआप वापरू लागतो, वेग दुप्पट होतो आणि नको तेव्हा पट्टी काढूनही घेता येते.

पहिला सल्ला सरळ नुकसानीचा आहे. साध्या मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डवर, संगणक चालू असेपर्यंत रॅमच्या खाचेत वीज खेळत असते. पट्टी किंचित तिरकी बसली तरी शेजारचे संपर्क जुळून पट्टी किंवा बोर्ड जळू शकतो. समजा, वाचली, तरी ती कोणाला दिसणार? साध्या संगणकात पट्टी ओळखून तिचा ताळमेळ बसवण्याचे काम सुरू होतानाच बायोस (बोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) करते, कर्नल नव्हे. शिवाय ज्या दुकानातला संगणक वीज गेली की तसाही बंद पडतो, तिथे तो बंद न करण्याचा हट्ट कशासाठी, हे मला कळलेले नाही.

चालू असतानाच मेमरी जोडून घेण्याची सोय कर्नलला आहे, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. पण ती खास त्यासाठी बनवलेल्या सर्व्हरवर आणि आभासी यंत्रांवर (एका संगणकात सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकांवर). कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजात याचे दोन टप्पे स्पष्ट दिले आहेत : आधी मेमरी कर्नलच्या हिशेबात घेणे, मग तिचे तुकडे ‘ऑनलाइन’ करणे, म्हणजे वापरासाठी खुले करणे. दुसरा टप्पा आपोआप होईल की हाताने करावा लागेल, हे कर्नलच्या सेटिंगवर अवलंबून असते. हिशेबालाही जागा लागते : कर्नल मेमरी ४ केबीच्या ‘पानां’त मोजतो आणि प्रत्येक पानामागे साधारण ६४ बाइटची नोंद, म्हणजे ८ जीबीमागे १२८ एमबी नोंदींतच जातात.

वेगाविषयी एवढेच, की मेमरी अपुरी पडत नसेल तर वाढवून वेग दुप्पट होत नाही.

काढण्याचा दावा त्याहून पोकळ आहे. तुकडा ‘ऑफलाइन’ करायचा तर त्यातली वापरातली पाने आधी दुसरीकडे हलवावी लागतात, आणि कर्नलची स्वतःची बरीचशी माहिती हलवता येत नाही. म्हणून काढायची मेमरी सुरुवातीपासूनच हलवता येणाऱ्या विभागात ठेवतात. तरीही कर्नल कधी कधी नकार देतो. चालू संगणकातून पट्टी उपसणाऱ्याला तो नकार ऐकायलाही मिळत नाही, कारण संगणक तिथेच गोठतो आणि अर्धवट भरलेला अर्ज त्याच्यासोबत जातो.