आधी विचारा, मग पैसे घ्या

रविवारी सकाळी मिरजेत आमच्या कट्ट्यावर विषय निघाला तो अण्णांच्या क्लेमवरून. अण्णा निवृत्त शिक्षक. फेब्रुवारीत अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट पडले, आणि महिन्याभरात कंपनीचं पत्र आलं: रक्तदाबाची माहिती प्रस्तावात, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जात, दडवली, सबब दावा नामंजूर आणि पॉलिसीही रद्द. पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची, बँकेतल्या एका मुलाने मोबाईलवर भरून दिलेली.

"मी काही दडवलं नाही," अण्णा म्हणाले. "त्या पोराने नाव, जन्मतारीख, उंची, वजन विचारलं. मग ओटीपी सांगा म्हणाला. मी सांगितला."

नंदू बरीच वर्षं आरोग्य विमा विकतोय. तो म्हणाला, "अण्णा, तो ओटीपी हीच तुमची सही. सगळी उत्तरं मी वाचली आणि ती खरी आहेत, असं त्याच्या वरच लिहिलेलं असतं."

"अरे, पण मोबाईल त्याच्या हातात होता की!"

इथून चर्चा तापली. सुभाष अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ बरीच वर्षं राहून आलेला. त्याचं ठाम मत पडलं, की सगळ्या कंपन्यांना मिळून एकच अर्ज हवा आणि त्यातले प्रश्न सरकारने ठरवून द्यावेत. कंपनीगणिक वेगळे प्रश्न विचारले की माणूस कुठे ना कुठे अडकणारच.

मीनाताई एका हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर बसतात. कॅशलेसचे अर्ज रोज त्यांच्या हातून जातात. त्या म्हणाल्या, "गंमत बघा, क्लेमचा फॉर्म एकच आहे की. 2013 मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विम्याच्या सरकारी नियामकाने, तो ठरवून दिला. कॅशलेसच्या पूर्वपरवानगीचा फॉर्मही तेव्हाच एकसारखा झाला. 46 शब्दांच्या व्याख्या ठरल्या, 11 गंभीर आजारांच्या व्याख्या ठरल्या. म्हणजे पैसे मागताना सगळीकडे एकच कागद. पण पॉलिसी घेताना जो कागद भरायचा, ज्याच्यावरून पुढे सगळं ठरतं, तो मात्र ज्याचा त्याचा."

मला हे त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. कारण पुढचा मुद्दा त्यातूनच निघतो. आधीपासूनचा आजार कशाला म्हणायचं, ही व्याख्याही नियामकानेच ठरवलेली आहे: पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत निदान झालेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला वा उपचार दिलेला आजार. पूर्वी हे 48 महिने होते, 2024 मध्ये कमी केले. आता प्रस्ताव अर्ज उघडून बघा. बऱ्याच अर्जांत प्रश्न असतो: 'आपणांस कधीही खालीलपैकी कोणताही आजार झाला आहे का?' कधीही! व्याख्या तीन वर्षांची आणि प्रश्न जन्मापासूनचा. वर एका प्रश्नात पंधरा-वीस आजार कोंबलेले आणि उत्तराला एकच चौकोन. कावीळ दहावीत झाली होती, ती 'हो' की 'नाही'? प्रामाणिक माणूसही इथे चुकतो, आणि त्याच्या त्या चुकीला पुढे 'दडवणूक' असं नाव मिळतं.

नंदूला हे पटलं नाही. "तुम्ही फक्त अण्णांसारखी माणसं बघताय. माझ्याकडे बायोप्सीचा रिपोर्ट खिशात ठेवून पॉलिसी मागायला आलेले आहेत. विम्याचा करारच मुळात परम सद्भावाचा, एकमेकांपासून काही लपवायचं नाही असा. एकाने खोटं लिहिलं, की त्याचा भुर्दंड बाकीच्यांच्या प्रीमियमवर. कंपनीला जे विचारायचं ते तिला विचारू द्या."

"विचारू दे की," सुभाष म्हणाला, "पण पैसे घ्यायच्या आधी. नंतर उकरून काढायचं नाही." आणि त्याने कॅलिफोर्नियातला एक खटला सांगितला. ब्लू शील्ड या विमा कंपनीची पॉलिसी. बायकोने कुटुंबाचा अर्ज भरला. आरोग्याचे प्रश्न आपल्यापुरतेच आहेत असं समजून तिने नवऱ्याचा इतिहास लिहिलाच नाही. पुढे नवऱ्याला मोटार अपघात झाला, बिल लाखो डॉलरवर गेलं, आणि कंपनीने जुना अर्ज काढून पॉलिसी मुळापासून रद्द केली. 2007 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं, की अर्जदाराने जाणूनबुजून खोटं लिहिलं हे तरी दाखवा, नाहीतर पॉलिसी देण्याआधी अर्जातली माहिती नीट तपासण्याचा वाजवी प्रयत्न आपण केला होता हे दाखवा. त्याशिवाय अशी रद्द करता येणार नाही.

"आणि 2009 च्या जूनमध्ये," सुभाष पुढे म्हणाला, "अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे तीन मोठ्या कंपन्यांचे अधिकारी बसले होते. पाच वर्षांत तिघींनी मिळून जवळजवळ 20,000 पॉलिसी अशा रद्द केल्या होत्या, सुमारे 30 कोटी डॉलर वाचवले होते. त्यांना सरळ विचारलं, मुद्दाम केलेली फसवणूक सोडून बाकीच्या रद्द करणं थांबवाल का? तिघेही नाही म्हणाले."

कट्टा गप्प झाला. फक्त नंदू गप्प बसेना. "मग तुमच्या अमेरिकेने एकच अर्ज केला का?"

"काही राज्यांनी केला. मी राहायचो त्या वॉशिंग्टन राज्यात 2000 पासून आरोग्याची एकच प्रश्नावली होती. स्वतःपुरता विमा घेणाऱ्याने तीच भरायची, कंपनी कुठलीही असो. माझा शेजारी सुतारकाम करायचा, नोकरीचा विमा नाही. त्याच्या जेवणाच्या टेबलावर मी ती बघितली. आजारागणिक वेगळा प्रश्न, किती काळातला हेही त्यातच लिहिलेलं. उत्तरांना गुण."

"गुण कशाला?"

सुभाष थोडा अडखळला, पण लपवलं नाही. गुण लागायचे ते नाकारण्यासाठी. सगळ्यात महागडे ठरतील असे सुमारे 8 टक्के अर्जदार वेगळे काढायचे, अशी ती रचना होती. ज्यांचे गुण जास्त भरले त्यांना कंपनी नकार देऊ शकायची. त्यांच्यासाठी राज्याचा वेगळा विमा निधी होता, जास्त प्रीमियमचा.

नंदूने ते बरोबर पकडलं. "म्हणजे एकच अर्ज आला, आणि आजारी माणूस एकसारख्या पद्धतीने बाहेर गेला!"

"त्याच्या आधीचं ऐक की. 1993 मध्ये त्याच राज्याने कायदा केला होता, की आलेल्या प्रत्येकाला विमा द्यायचा. विमा घेण्याची सक्ती मात्र टिकली नाही. लोक आजारी पडल्यावर विमा घ्यायला लागले, कंपन्या तोट्यात गेल्या, आणि 1999 पर्यंत त्या राज्यात जवळजवळ सगळीकडे नवी वैयक्तिक पॉलिसी मिळेनाशी झाली. त्यातून तडजोड म्हणून ती प्रश्नावली आली."

"हेच मी सांगतोय!" नंदू म्हणाला. "सगळ्यांना घ्या म्हणणं सोपं आहे."

इथे मी मधे पडलो. वॉशिंग्टनच्या गोष्टीत दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. कुणाला विमा द्यायचा, हा एक. आणि एकदा दिल्यावर तो कुठल्या कारणाने काढून घेता येतो, हा दुसरा. एकसारखा अर्ज पहिल्याचं उत्तर देत नाही, हे नंदूचं बरोबर. अमेरिकेतही ते उत्तर 2014 मध्येच आलं. देशभराच्या कायद्याने आरोग्याचा इतिहास विचारून नाकारणंच बंद केलं, आणि सोबत विमा घेण्याची सक्ती आणि प्रीमियमला सरकारी मदत आणली. नुसत्या कागदाने ते झालं नसतं. पण दुसऱ्या प्रश्नात अर्जाला फार मोठं वजन आहे. सुतार शेजाऱ्याला नकार मिळाला असता तर तो पहिल्या दिवशी मिळाला असता, हातात दुसरी वाट शोधायला वेळ ठेवून. अण्णांना तो मिळाला स्टेंट पडल्यावर, तीन वर्षांचे हप्ते भरून झाल्यावर. माझ्या मते पहिला नकार कठोर आहे. दुसरा अन्याय आहे.

मीनाताईंनी मान हलवली. "2021 च्या डिसेंबरमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानेही जवळपास हेच सांगितलंय. अर्जातला रकाना रिकामा राहिला, कंपनीने तो भरून मागितला नाही, तरी प्रीमियम घेऊन पॉलिसी दिली, तर नंतर दडवणूक म्हणता येत नाही. पण अण्णांचा रकाना रिकामा नाही. त्यात 'नाही' आहे. तो 'नाही' कुणी टाकला, हाच खरा प्रश्न."

मग त्यांनी हॉस्पिटलच्या बाजूचं सांगितलं, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. पेशंट अ‍ॅडमिट होतो तेव्हा शिकाऊ डॉक्टर इतिहास लिहून घेतात. नातेवाईक घाबरलेला. बीपी किती वर्षं? 'असेल पाच-सहा वर्षं.' ते केसपेपरवर उतरतं. मागची चिठ्ठी नाही, तपासणी नाही. तोच अंदाज पुढे कंपनीच्या पत्रात पुरावा म्हणून येतो. आपल्याकडे विजापूर, बेळगावकडून पेशंट येतात, कन्नड बोलणारे. त्यांनी इंग्रजी अर्जावर सही केलेली असते आणि 'मजकूर समजावून सांगितला' अशी छापील ओळ खाली असते. कुणी समजावला, कुठल्या भाषेत, कुणाला ठाऊक नसतं.

"पाच वर्षं झाली असती तर सुटलो असतो ना?" अण्णांनी विचारलं.

होय. सलग 60 महिने पॉलिसी चालली, की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला दावा या कारणाने नाकारता येत नाही. 2024 च्या आधी ही मुदत 96 महिने होती. नियामकाने ती खाली आणली, हे चांगलंच झालं. पण पहिल्या पाच वर्षांत जो आजारी पडेल त्याने काय करायचं? त्याचं संरक्षण अर्जातच असायला हवं. सगळ्यांना तेच प्रश्न, व्याख्येइतक्याच काळाचे, एका आजाराला एक ओळ, माणसाला कळणाऱ्या भाषेत. आणि भरणाऱ्या एजंटाचं नाव उत्तराशेजारीच.

या शेवटच्या मुद्द्यावर नंदू खवळला. "म्हणजे खोटं गिऱ्हाईक बोलणार आणि मान माझी?"

"तू विचारलंस आणि तो खोटं बोलला, तर मान त्याची," मीनाताई म्हणाल्या. "तू विचारलंच नाहीस, तर तुझी."

"ताई, मी सगळं खरं लिहितो म्हणून माझी साठीपुढची निम्मी प्रकरणं परत येतात. बँकेतलं पोरगं काहीच विचारत नाही, त्याची सगळी पास होतात. गिऱ्हाईक कुणाकडे जाणार?"

याला कुणाकडे उत्तर नव्हतं. सुभाष म्हणाला, एकसारखा अर्ज आणि एजंटाचं नाव आलं तर त्या पोराला पण विचारावं लागेल. नंदू म्हणाला, कागदावर सगळं शक्य असतं. ते तिथेच राहिलं.

पण अण्णांच्या कामाला नंदूच बसला. कंपनीकडे लेखी तक्रार आधीच गेलीय. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायचं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई देता येते. नंदूने अण्णांच्या वहीत मागण्या लिहून दिल्या: भरलेल्या प्रस्तावाची पूर्ण प्रत द्या. रक्तदाबाचा प्रश्न कुठल्या शब्दांत होता ते दाखवा. उत्तर कुणाच्या लॉगिनवरून, किती वाजता भरलं गेलं, आणि ओटीपी त्यानंतर किती सेकंदांनी आला, याची नोंद द्या.

"सेकंद कशाला?" अण्णांनी विचारलं.

"वीस प्रश्न वाचून दाखवायला निदान पाच मिनिटं लागतात, अण्णा. तिथे चाळीस सेकंद निघाले, तर तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं हे त्यांच्याच नोंदीतून दिसेल."