कोरड्या त्वचेला ऑलिव्ह ऑइल? माझ्या मते नकोच

थंडी सुरू झाली की आमच्या मेडिकलमध्ये ऑलिव्ह ऑइलचे डबे भराभर संपतात. नेणाऱ्यांत जास्त करून नव्या बाळाच्या घरची माणसं. "बाळाची कातडी फार कोरडी पडलीय हो, मालिशला चांगलं तेल द्या." आणि चांगलं म्हणजे ऑलिव्ह, हे घरूनच ठरवून आलेले असतात. मी फार्मासिस्ट आहे, डबा खपला तर फायदा माझाच. तरीही सांगते, ज्या कोरड्या, खाजऱ्या त्वचेसाठी हे तेल नेलं जातं, नेमकं तिलाच ते मानवत नाही.

ऑलिव्ह ऑइलमध्ये ओलेइक ॲसिड हा स्निग्ध घटक ५५ ते ८३ टक्के असतो, आणि त्वचेचं कवच बांधायला लागणारं लिनोलेइक ॲसिड त्यामानाने फार थोडं. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थांचे पदर असतात, विटांमधल्या सिमेंटसारखे. ओलेइक ॲसिड त्यात शिरून त्यांची घडी विस्कटतं. मग आतला ओलावा टिकत नाही. वरून हात फिरवला तर त्वचा तुकतुकीत लागते, त्यामुळे घरच्यांना वाटतं, गुण आला!

२०१३ साली इंग्लंडमधल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. १९ प्रौढांच्या हाताला रोज दोनदा सहा-सहा थेंब तेल, चार-पाच आठवडे. ऑलिव्ह लावलेल्या हातावर त्वचेचं कवच कमकुवत झालं, थोडी लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. माणसं थोडी होती, मान्य. पण २०१६ साली तिथलाच आणखी एक अभ्यास आला, ११५ नवजात बाळांचा. काहींना ऑलिव्ह लावलं, काहींना सूर्यफूल, काहींना काहीच नाही. तेव्हा ऑलिव्ह आणि सूर्यफूल दोन्ही गटांत त्या पदरांची रचना बिनतेलाच्या बाळांइतकी नीट बसलेली नव्हती. म्हणून पहिल्या महिन्यात कुठल्याच तेलाची घाई नको, असं मी म्हणते. आजीबाई रागावतात, रागावू देत.

घरात कुणाला एक्झिमा (इसब), दमा असेल तर बाळाच्या बाबतीत जास्तच जपा. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधी, बिनवासाची व्हॅसलिन किंवा डॉक्टरांनी दिलेलं मॉइश्चरायझर. थोड्या मोठ्या मुलांना तेलच लावायचं तर सूर्यफुलाचं किंवा आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडची करडई. दोन्हींत लिनोलेइक ॲसिड भरपूर. फक्त 'हाय ओलेइक' लिहिलेली बाटली घेऊ नका. खोबरेलही ऑलिव्हपेक्षा बरं.

तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्यावर रात्रभर ऑलिव्ह चोपडायचा सल्ला रील्समध्ये बघते, तेव्हा जीव जळतो. अशा त्वचेवर मुळातच तेल जास्त, त्यात ही आणखी भर कशाला? आणि कोंडा असेल तर अजिबात नको. कोंड्याशी जोडलेली मॅलासेझिया ही बुरशी तेलावरच जगते, आणि ओलेइक ॲसिडने काहींच्या टाळूवरचे पापुद्रे वाढतात. कोंडा झाला की "डोक्याला तेल घाल" म्हणणं आधी बंद करा.

"ग्रीक लोक हजारो वर्षं अंगाला हेच लावत होते" असंही एक ताई म्हणाल्या. खरं आहे. पण त्यांचे मल्ल व्यायामानंतर ते तेल घामा-धुळीसकट वाकड्या पट्टीने खरवडून काढायचे, अंगात मुरवायला ठेवायचे नाहीत.

घरी डबा पडूनच असेल तर टाचांच्या जाड कातडीला लावा, मेकअप उतरवायला वापरा आणि नंतर चेहरा धुवा. खाण्याच्या दर्जाचं असेल तर सरळ स्वयंपाकघरात न्या. बाळाच्या अंगावर लाल, ओलसर चट्टे असतील तर मात्र कुठलंच तेल न लावता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.