‘माणूस बघू नका, चिन्ह बघा’ म्हणणाऱ्यांना

निवडणूक जवळ आली की आमच्याकडे मोबाईलवर एक संदेश हटकून फिरतो. पक्ष कुठलाही असो, मजकूर तोच. थोडक्यात असा: पक्ष ही आई, तिकीट कोणाला द्यायचे हा तिचा अधिकार. आपला माणूस डावलला म्हणून घरी बसणारा विरोधकालाच मत देतो. बंडखोराच्या मागे जाणारा गद्दार. आणि बंडखोरांचे पुढे काय होते ते गोव्याच्या इतिहासात बघा. खाली जोडलेले हात. यावेळी तो मला चुलतभावाने पाठवला, सकाळी सहाला, ‘तुला वाचायला’ असे लिहून. म्हणजे नेम माझ्यावरच होता.

तर वाचला. आता उत्तर.

आधी आईचे बघू. मांद्रे मतदारसंघात २०१७ साली लक्ष्मीकांत पार्सेकर मुख्यमंत्री असताना पडले. पाडले काँग्रेसच्या दयानंद सोपटेंनी. त्या महिन्यांत भाजपचा जो कार्यकर्ता हरमल-मोरजीत दारोदार फिरला, त्याने सोपटे का नकोत हे किती अंगणांत बसून सांगितले असेल. पुढच्याच वर्षी सोपटे भाजपमध्ये आले. २०१९ च्या पोटनिवडणुकीत तोच कार्यकर्ता, त्याच अंगणांत, सोपटेच का हवेत हे सांगायला गेला. २०२२ साली पुन्हा. पार्सेकर तेव्हा पक्षाच्या जाहीरनामा समितीचे प्रमुख होते, तरी तिकीट सोपटेंनाच मिळाले.

पणजीत याहून बेरकी गोष्ट घडली. मनोहर पर्रीकर गेल्यावर २०१९ च्या मे महिन्यात पोटनिवडणूक झाली. काँग्रेसच्या बाबूश मोन्सेरात यांनी भाजपच्या सिद्धार्थ कुंकळ्येकरांना हरवले आणि १९९४ पासून भाजपकडे असलेली जागा गेली. जुलैत बाबूश भाजपमध्ये. २०२२ साली तिकीट त्यांना, मनोहर पर्रीकरांचे पुत्र उत्पल यांना नाही. आता सांगा, इथे बदलले कोण? मतदार तर जागचा हलला नव्हता. २०१९ च्या मेमध्ये ज्याला पाडा म्हणून सांगितले, त्याला त्याने २०२२ साली मत दिले नाही, तर त्याने पक्षाचाच जुना आदेश पाळला म्हणायचे.

‘हे सगळे भाजपचेच’ असे कोणी म्हणायच्या आत काँग्रेसचेही सांगतो. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसापाशी (क्रॉसपाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात शपथा घेतल्या की पक्ष सोडणार नाही. आमच्याकडे देवाला घातलेले गाऱ्हाणे ही थट्टा नव्हे. माणूस कोर्टात खोटे बोलेल, पण देवळात बोलताना चाचरतो. अकरा निवडून आले. सप्टेंबरात त्यातले आठ भाजपमध्ये गेले. आठच का, तर अकराचे दोन-तृतीयांश भरायला आठ लागतात आणि तेवढे एकत्र गेले की पक्षांतरबंदी कायद्यात विलीनीकरणाची पळवाट आहे. आमदाराला ही सोय आहे. कार्यकर्त्याने मात्र एक दिवस प्रचाराला दांडी मारली तर गद्दार!

दुसरा मुद्दा: घरी बसणे म्हणजे विरोधकाला मत. हे गणितातच बसत नाही. आपले एक मत पडले नाही तर अंतर एकाने बदलते; तेच मत समोरच्याला दिले तर दोनाने. गोव्यात हा फरक बारीक नाही. चाळीस मतदारसंघ, प्रत्येकी सरासरी तीस हजारांच्या आत मतदार. पणजीत २०२२ साली निकाल लागला ७१६ मतांनी. दोन वाडे चहा पीत घरी बसले तर आमदार बदलतो. पण म्हणूनच घरी बसण्याला वजन आहे, आणि ज्याला वजन आहे ते पक्षाला कळवायचे साधनही आहे. बंद खोलीत बोला म्हणतात. बोललो आहोत. खोलीत पंखा होता, भजी होती, आणि ‘वरून ठरलंय’ हे उत्तर होते.

बंडखोरामुळे विरोधकाचा फायदा होतो हे मात्र अर्धे खरे आहे, ते मी नाकारत नाही. मांद्रेत पार्सेकर अपक्ष उभे राहिले, तिसरे आले, आणि मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे) जीत आरोलकर सोपटेंना हजाराच्या आतल्या फरकाने हरवून आमदार झाले. पार्सेकर उभे नसते तर काय झाले असते हे सांगायला ज्योतिषी नको. पण पुढे बघा. मगोने ती निवडणूक तृणमूलशी युती करून भाजपविरुद्ध लढवली होती. निकाल लागताच मगोच्या दोन्ही आमदारांनी भाजप सरकारला पाठिंबा दिला, सुदिन ढवळीकर मंत्री झाले. ज्या ‘विरोधका’चा फायदा होऊ नये म्हणून कार्यकर्त्याने मन मारायचे, तो विरोधक महिनाभरही विरोधक राहत नाही.

आता इतिहास. २०२२ साली तिकीट न मिळाल्याने अपक्ष लढलेल्यांत उत्पल पडले, पार्सेकर पडले, सावर्ड्यात दीपक पाऊसकर पडले, सांग्यात सावित्री कवळेकर पडल्या. संदेशवाले ही यादी देतात, ती बरोबर आहे. ते काणकोण गाळतात. रमेश तवडकरांना २०१७ साली भाजपने तिकीट नाकारले. ते अपक्ष उभे राहिले. जागा काँग्रेसच्या इजिदोर फर्नांडिस यांच्याकडे गेली. म्हणजे संदेशाच्या हिशेबाने गुन्हा पुरता झाला. २०२२ साली त्याच तवडकरांना भाजपने तिकीट दिले, ते जिंकले आणि विधानसभेचे सभापती झाले. आणि इजिदोर? ते दरम्यान भाजपमध्ये आले होते. तिकीट न मिळाल्याने २०२२ साली तेच अपक्ष उभे राहिले! मायकल लोबो तर २०२२ च्या जानेवारीत भाजप सोडून गेले, काँग्रेसचे आमदार झाले, विरोधी पक्षनेते झाले, सप्टेंबरात परत आले. पक्ष बंडखोराला माफ करत नाही असे नाही. मते असलेल्याला करतो.

प्रत्येक बंडखोराबद्दल मला कळवळा आहे असे समजू नका. तिकीट हुकेपर्यंत ज्यांना अन्याय दिसला नव्हता त्यांचे अश्रू मी मोजत नाही. माझा प्रश्न तिकीट मागणाऱ्याचा नाही, मत मागणाऱ्याचा आहे. दारात उभे राहून ज्याने शब्द दिला, त्याचे काय?

आमच्या वाड्यावर असा एक आहे. पक्ष सांगत नाही, कुठलाही घाला. वीस-बावीस वर्षे तो मतदानाच्या दिवशी शाळेपासून दोनशे मीटरच्या पलीकडे, ताडपत्रीखाली टेबल टाकून बसतो. पुढ्यात मतदारयादी, हातात लाल पेन. मत देऊन आला की नावावर खूण. बारा वाजले की खूण नसलेल्या नावांसाठी पोरांना स्कूटरवर पिटाळतो: अमक्याच्या आजीला आण, तमक्याला दुकान बंद करायला सांग. मागच्या खेपेला त्याचा माणूस डावलला आणि ज्याच्याविरुद्ध तो आधी दोनदा बसला होता त्याला तिकीट मिळाले. तो आला. टेबल मांडले, यादी उघडली, आलेल्या प्रत्येकाला हसून चिठ्ठी दिली. बाराला पोरे म्हणाली, ‘दादा, नावां सांग.’ त्याने पेनाला टोपण लावले आणि म्हणाला, ‘येतले तर येतले.’

संध्याकाळी पाचला तो स्वतः मत द्यायला गेला. कोणाला दिले ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. पक्षाने त्याला काढलेले नाही. काढायचे तर कारण काय लिहिणार? त्याची ती यादी अजून माझ्या चुलतभावाच्या कपाटात आहे. हाच तो, सकाळी सहाचा. त्याने संदेश पुढे ढकलण्याआधी ती उघडून दुपारनंतरच्या पानांवर लाल खुणा किती आहेत ते बघावे.