पाडेलीला माडामागे पैसे, नारळामागे नाहीत

गोव्यात पाडेलीला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, माडामागे पैसे देतात, नारळामागे नाही. मॅनेजमेंटचं एकही पुस्तक न उघडता भाटकारांनी (माडांच्या बागांच्या मालकांनी) हे कधीच ओळखलंय. नारळामागे दर ठेवला की तयार नारळांबरोबर कोवळेही खाली येणार. रोजावर ठेवला तर दिवसाला माड कमी होणार. माडामागे दिले तर तो भराभर चढतो-उतरतो, पण सुकलेल्या झावळ्या काढून शेंडा साफ करायचं राहून जातं, म्हणून कोणीतरी खाली मान वर करून उभं असतं. माड तेच, माणूस तोच. पैसे कशावर मोजले त्यावर काम बदलतं.

चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली की पर्यटनाच्या सीझनचे वेध लागतात आणि हॉटेलवाले, दुकानदार, छोटे कारखानदार सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "यंदा इन्सेंटिव्ह चालू करूया, पोरं टिकतील." माझं मत उलट आहे. माणूस टिकतो पगारावर. इन्सेंटिव्ह लागतो तो एखाद्या ठरावीक कामाला जोर द्यायला. पगाराचं काम इन्सेंटिव्हकडून करून घ्यायला गेलात तर पैसे जातील आणि पोरंही जातील.

अमेरिकेतल्या फोर्ड मोटार कंपनीने १९१४ मध्ये रोजचे ५ डॉलर द्यायला सुरुवात केली, ही गोष्ट नेहमी मालकाच्या उदारपणाची म्हणून सांगतात. खरी अडचण वेगळी होती. १९१३ मध्ये तिथे कामगार बदलण्याचं प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे १०० जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात ३७० माणसं घ्यावी लागत. १९१५ पर्यंत ते १६ टक्क्यांवर आलं. त्यात नगामागे दर वगैरे काही नव्हतं. (घरी जाऊन कामगारांच्या राहणीची चौकशी करणारे निरीक्षक मात्र होते. तो भाग उचलू नका.)

आता कळंगुटचं एखादं रेस्टॉरंट धरा. महिना १८,००० वर असलेला स्टुअर्ड (वेटर) १५ डिसेंबरला शेजारी २,००० जास्त मिळतात म्हणून गेला. नवा माणूस मेन्यू, टेबल नंबर, केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) शिकेपर्यंत तीन आठवडे अर्ध्याच कामाचा. म्हणजे पगारातलेच सुमारे ६,००० पाण्यात, आणि ते तीन आठवडे नाताळ-नवीन वर्षाचे. जुन्याला २,००० वाढवले असते तर मार्चअखेरपर्यंत ७,००० लागले असते. एवढ्याच फरकासाठी ऐन गर्दीत टेबलं कोलमडतात.

सीझनभर थांबण्यासाठी वेगळी रक्कम द्यायची असेल तर ३१ मार्चला एकदम १०,००० असं सांगू नका. तीन-चार महिन्यांपुढच्या वायद्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. ५ जानेवारीला ३,०००, ५ फेब्रुवारीला ३,०००, ५ एप्रिलला ४,००० असं तोडून द्या. काहीजण पळून जाऊ नये म्हणून पहिल्या महिन्याचा पगारच अडकवून ठेवतात. ते बेकायदेशीर आहे, आणि त्याने माणूस थांबत नाही, फक्त न सांगता जायला शिकतो.

चवथीच्या बोनसचंही तसंच. ज्यांना कायदा लागू आहे त्यांच्यासाठी किमान ८.३३ टक्के, म्हणजे कायद्याने बोनससाठी धरलेल्या वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, हा हक्क आहे. कमाल २० टक्के. दरवर्षी चवथीआधी ठरलेली रक्कम मिळाली की घरच्या खर्चात ती आधीच धरलेली असते. ती दिल्याने कामात फरक पडत नाही, उशिरा दिली किंवा कापली तर मात्र लगेच पडतो. तिला इन्सेंटिव्ह म्हणून मिरवू नका.

आता टिप. गोव्यातल्या हॉटेल-धंद्यात सगळ्यात जास्त भांडणं हिच्यावरून होतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हा हिशेब आता खुशीच्या टिपवरच. ज्याच्या टेबलाची त्याची टिप, असं ठेवलं की काय होतं? परदेशी पाहुण्यांच्या टेबलावर तिघे धावतात, लहान मुलं घेऊन आलेल्या म्हापशाच्या कुटुंबाकडे कोणी फिरकत नाही, आणि किचन म्हणतं, मासा आम्ही तळला, पैसे त्याला कशाला? मग त्या स्टुअर्डची ऑर्डर नेमकी मागे पडते. बिलावर टक्केवारी दिली तर आणखी वाईट: दोघांच्या टेबलावर चौघांचा इसवण (सुरमई) येतो, आणि ते दोघे पुन्हा येत नाहीत.

पॉइंट पद्धत बरी. कॅप्टनला ४, स्टुअर्डला ३, कुकला २, भांडी घासणाऱ्याला १. एक कॅप्टन, चार स्टुअर्ड, तीन कुक, दोन भांडीवाले धरले तर ४ + १२ + ६ + २ = २४ पॉइंट. आठवड्याची टिप १२,००० जमली तर पॉइंटला ५००. कॅप्टन २,०००, स्टुअर्ड १,५००, कुक १,०००, भांडीवाला ५००. जो आठवड्यात जितके दिवस आला त्या प्रमाणात त्याचे पॉइंट धरा. टिपचा यूपीआय कोड वेगळा ठेवा, मालकाच्या गल्ल्यात मिसळू नका, आणि वाटप सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर करा. महिनाअखेरीला केलं की संशय सुरू. माणसं पंधराच्या वर गेली की ही पद्धत ढिली पडते, कारण आपण जास्त राबलो तर आपल्या वाट्याला काय येणार हे कोणाला दिसत नाही. तिथे शिफ्टप्रमाणे दोन गट करा.

वेर्णा, कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांना सतावतो तो हजेरीचा प्रश्न. नेहमीची स्कीम: २६ पैकी २६ दिवस आलात तर १,०००, एक दिवस चुकला तर शून्य. ज्याचा ३ तारखेला खाडा झाला त्याला उरलेला महिना यायचं कारणच उरत नाही, आणि ज्याचा नाही झाला तो ताप अंगात घेऊन पॅकिंग लाइनवर उभा राहतो. खाद्यपदार्थ किंवा औषधांच्या कारखान्यात हे परवडणारं नाही. तेवढेच १,००० असे द्या: १७ व्या दिवसापासून दर दिवसाला १००. एक खाडा झाला तर १०० जातात, बाकीचे ९०० अजून हातात येण्यासारखे असतात.

राजस्थानात उदयपूर भागातल्या सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत २००३ पासून हेच करून पाहिलं. तारीख-वेळ उमटणारा कॅमेरा आणि दिवसांवर पगार: २१ दिवसांना १,०००, वरच्या दर दिवसाला ५० जास्त, चुकलेल्या दिवसाला ५० कमी, पण ५०० च्या खाली नाही. इतर शाळांत गैरहजेरी ४२ टक्के होती, इथे २१ वर आली. त्याच भागात सरकारी नर्सबाईंसाठी असाच प्रयत्न झाला. सुरुवात छान झाली आणि दीड वर्षाच्या आत परिणाम पुसला गेला, कारण वरचे अधिकारी 'सूट' म्हणून दिवस मांडू लागले. आजारपणाची रजा स्कीममध्ये धराच, पण महिन्याला किती ते आधी लिहून ठेवा. सुपरवायझरच्या मर्जीवर सोडलीत की स्कीम त्याची झाली.

नगामागे दर कुठे चालतो? जिथे नग मोजता येतो आणि बिघडलेला नग करणाऱ्यापर्यंत परत जातो तिथे. अमेरिकेत गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या सेफलाइट कंपनीने १९९४-९५ मध्ये तासाऐवजी काचेमागे पैसे द्यायला सुरुवात केली. उत्पादकता ४४ टक्के वाढली. त्यातली निम्मी वाढ तीच माणसं जास्त काम करू लागल्याची, उरलेली मुख्यतः चपळ माणसं येऊन टिकल्याची. पण वाईट बसवलेली काच त्यानेच स्वतःच्या वेळात पुन्हा बसवायची, ही अट होती. २०१२ च्या खाणबंदीआधी आपल्याकडे गोव्यात खनिजाचे ट्रक खेपांवर धावत होते, तिथे अशी अट कुठे होती? ज्याची खेप जास्त त्याची कमाई जास्त. धूळ आणि अपघात ट्रकांच्या वाटेवरच्या कुडचडे-सावर्ड्याच्या वाट्याला आले, पगाराच्या कागदावर ते कुठेच नव्हते. लॅबमधल्या केमिस्टला पास केलेल्या बॅचवर पैसे देणं हाच प्रकार, फक्त धूळ दिसत नाही.

उशिरा येणाऱ्याला दंड करणाऱ्यांनी इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचं उदाहरण लक्षात ठेवावं. मुलांना न्यायला उशीर केला तर दंड लावला, आणि उशीर करणारे पालक जवळजवळ दुप्पट झाले. उशिराची लाज गेली, दर ठरला. दंड काढून घेतल्यावरही सवय राहिली. आपल्याकडे कायदाही आडवा येतो: पगारातून दंड ३ टक्क्यांच्या वर कापता येत नाही, आणि कापलेला पैसा कामगारांच्याच भल्यासाठी वापरावा लागतो, मालकाच्या खिशात जात नाही.

एवढं वाचूनही यंदा स्कीम करायचीच असेल तर ती एका पानावर मराठीत किंवा कोंकणीत लिहा, कामगार बाहेरचे असतील तर हिंदीत. ते पान भांडी घासणाऱ्याच्या हातात द्या आणि गेल्या आठवड्याचा स्वतःचा आकडा काढायला सांगा. पाच मिनिटांत निघाला नाही तर पान फाडून नवीन लिहा. शेवटची तारीखही त्यावरच टाका, ३१ मार्च. तारीख न टाकलेली स्कीम एप्रिलमध्ये बंद केलीत की पोरं तिला पगारकपातच म्हणणार.