आतला डोस मोजतात की हिशेबानं काढतात? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून स्वतंत्र लिहिते आहे.

ज्यांच्या वाचनातून ती सुटली असेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की अणुऊर्जा केंद्रातल्या कामगाराच्या शरीरात किरणोत्सर्गी द्रव्य गेलं असेल, तर ते लघवीच्या नमुन्यावरून आणि होल बॉडी काउंटरवरून, म्हणजे अख्ख्या शरीरातून बाहेर येणारे किरण टिपणाऱ्या यंत्रावरून, मोजतात. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘मॅडम, मोजतात हा शब्दच खोटा आहे. बाटलीतला एक आकडा घ्यायचा, परदेशातल्या कुठल्या तरी कागदी माणसाच्या सूत्रात घालायचा आणि जे उत्तर येईल ते आमच्या माणसाच्या नावावर चढवायचं, याला मोजणं म्हणत नाहीत. माझा मेहुणा शिरोलीत टिग वेल्डर आहे. वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टन कांडीत थोरियम हा किरणोत्सर्गी धातू असतो हे मला आत्ता कळलं. त्याला ना बिल्ला ना बाटली. तुमचं शास्त्र फक्त सरकारी नोकरांसाठी आहे काय? त्याची लघवी तपासून घ्यावी का?’

शब्दाबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मी ‘मोजतात’ लिहायला नको होतं. बाटलीत दर सेकंदाला किती अणू फुटतात ते आम्ही मोजतो, त्याचं एकक बेकरेल. पण त्या माणसाच्या हाडाला, यकृताला, फुप्फुसाला किती डोस, म्हणजे किरणांचा किती मारा, बसला ते हिशेबानं काढलेलं असतं. त्याचं एकक मिलिसीव्हर्ट. अशा कामगाराच्या अवयवांत जाऊन हा डोस मोजणारं यंत्र आमच्याकडे नाही. कामगाराच्या छातीवरचा टीएलडी बिल्ला फक्त बाहेरून येणारे किरण नोंदवतो. पोटात गेलेल्या द्रव्याची त्याला खबरही नसते.

पण हिशेबानं काढलेलं म्हणजे खोटं, इथे मात्र मी तुमच्याबरोबर नाही.

पावसाळ्यात आपण सकाळी उठून आधी काय बघतो? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. वरच्या राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले हे कळलं की आपल्या गल्लीत पाणी कधी येईल ते सांगणारी माणसं कोल्हापुरात पेठेपेठेत भेटतात. आता बंधाऱ्यावरची पट्टी काही राधानगरीत पडलेला पाऊस मोजत नाही. नदी कशी वाहते, पाणी कुठे तुंबतं, इथवर यायला किती तास घेतं हे पिढ्यान् पिढ्या बघितलेलं असतं, म्हणून खालच्या पट्टीवरून वरचं कळतं. लघवीची बाटली म्हणजे आमची बंधाऱ्यावरची पट्टी, आणि मॉडेल म्हणजे नदीची ती माहिती. आत गेलेल्या आयोडीनचा तिसरा हिस्सा गळ्यातल्या थायरॉइडमध्ये जाऊन बसतो आणि उरलेलं बरंचसं एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं. सीझियम स्नायूंत पसरतं, रेडियम हाडात घर करतं, ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, शरीरातल्या सगळ्या पाण्यात मिसळतं. प्रत्येकाची वाट वेगळी आणि वेगही वेगळा.

पट्टीवरचा आकडा किती वाजताचा आहे हेच माहीत नसेल तर मात्र तो कुचकामी. माझ्या नोकरीची बावीस वर्षं अशा बाटल्यांमध्ये गेली, त्यातली एक गोष्ट सांगते. कुठल्या केंद्रातली ते सांगत नाही.

गडहिंग्लजकडचा एक कंत्राटी कामगार होता, पंचविशीतला. त्याच्या नमुन्यात ट्रिशियम निघालं, लिटरला सुमारे १ लाख बेकरेल. फॉर्मवर लिहिलं होतं, ‘शेवटचं काम: काल.’ माणसाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी धरतात, म्हणजे आत ४२ लाख बेकरेल. त्यावरून डोस आला ०.०८ मिलिसीव्हर्टच्या आसपास. किरकोळ. मी आकडा वहीत लिहिणारच होते. तो बाकावर बसून होता, म्हणून सहज विचारलं, काल कुठल्या भागात होतास? तो म्हणाला, ‘काल? मी म्हयनाभर गावाकडंच हुतो की. भनीचं लगीन हुतं.’

फॉर्म त्यानं भरलाच नव्हता. मुकादमानं सगळ्या टोळीचे फॉर्म एका बैठकीत, एकाच तारखेनं भरले होते. सातही फॉर्मवर तेच अक्षर आणि तीच निळी शाई.

ट्रिशियम शरीरातून साधारण दर दहा दिवसांनी निम्मं होतं. तीस दिवसांत तीनदा निम्मं, म्हणजे मूळचं आठपट होतं. ०.०८ चा आकडा ०.६ वर गेला. मग आम्ही दहा दिवसांनी दुसरी बाटली घेतली आणि पुढच्या आठवड्यात तिसरी. त्या उतारावरून त्याचा स्वतःचा वेग कळला: दहा नव्हे, नऊ दिवसांत निम्मं. उन्हात राबणारा, भरपूर पाणी पिणारा माणूस ट्रिशियम लवकर बाहेर टाकतो. त्याच्या वेगानं हिशेब पुन्हा केला, आकडा आला ०.७ च्या जवळ, आणि वहीत तोच चढला. आपल्याकडे कामगारासाठी पाच वर्षांत १०० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. तिच्यापुढे ०.७ काहीच नाही. तरी माझी झोप उडाली होती, कारण माझ्या हातून जवळजवळ नऊपट चूक होणार होती, आणि ती ना यंत्राची असती ना मॉडेलची.

तुमच्या कागदी माणसाचं उत्तरही यातच आलं. तो आहे, हे खरं. १७६ सेंटिमीटर उंच, ७३ किलो वजनाचा. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगानं ठरवलेला हा प्रमाण पुरुष, आणि शिरोलीतल्या कुठल्याही कारखान्याच्या दारात उभं राहिलात तरी असा माणूस दिवसात क्वचितच दिसेल. डोस मर्यादेच्या कितीतरी खाली असेल तेव्हा त्याच्यावर काम भागतं. आकडा वाढला की त्याला बाजूला ठेवून समोरच्या माणसाचं वजन, त्याच्या लघवीचं प्रमाण, त्याच्या दोन-तीन बाटल्यांचा उतार घ्यावाच लागतो. कुणी घेत नसेल तर ते चुकतंय, आणि तिथे तुम्ही भांडायलाच हवं.

बाटली कशाची हेही महत्त्वाचं. ट्रिशियमला एका वेळची लघवी पुरते, कारण शरीरातल्या सगळ्या पाण्यात त्याचं प्रमाण सारखंच असतं. युरेनियम, प्लुटोनियमला पूर्ण चोवीस तासांची लागते. सकाळच्या एकाच वेळची आणून दिली तर हिशेबाला पायाच राहत नाही. शिवाय युरेनियम आपल्या रोजच्या पाण्यातूनही थोडंफार येतं, बोअरचं पाणी पिणाऱ्यांत अधिक. म्हणून कामाला लागण्याआधीची एक बाटली हवी. ती नसेल तर पुढे निघालेलं युरेनियम कामातलं की गावच्या विहिरीतलं, यावर नुसता वाद होत राहतो.

आता ही मॉडेलं आली कुठून? हे लिहिताना माझा हात जड होतो. १९४५ ते १९४७ या काळात अमेरिकेत १८ रुग्णांच्या शिरेत प्लुटोनियम टोचलं गेलं. आपल्याला काय टोचतायत हे त्यांना नीट सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लघवीवरून आणि विष्ठेवरून प्लुटोनियम शरीरातून किती सावकाश निघतं याचं पहिलं सूत्र बसवलं. अनेक वर्षं जगभरातल्या कामगारांचे डोस त्याच सूत्रानं काढले गेले. १९९५ मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी अशा प्रयोगांबद्दल जाहीर माफी मागितली. आमच्या शास्त्रावरचं ते कर्ज फिटणारं नाही.

दुसरी बाजूही आहे. १९६८ पासून अमेरिकेत एक नोंदवही चालू आहे. त्यात प्लुटोनियम-युरेनियमचं काम केलेल्या माणसांनी स्वतःहून नाव घालून मरणोत्तर देह किंवा अवयव दिले. हाडात, यकृतात, फुप्फुसात खरोखर किती आहे ते रसायनशाळेत मोजलं आणि ती माणसं हयात असताना लघवीवरून काढलेल्या आकड्याशी ताडून बघितलं. बऱ्याच प्रकरणांत जुना अंदाज जास्तीचा निघाला, आणि मॉडेलं दुरुस्त झाली. ‘मॉडेलवर विश्वास का ठेवायचा’ असं कुणी विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे ती माणसं येतात.

आणि बाटली किती उपयोगाची हे कारवारजवळच्या कैगा अणुऊर्जा केंद्रानं दाखवलं. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या पन्नासच्या आसपास कामगारांच्या नेहमीच्या लघवी तपासणीत ट्रिशियम वाढलेलं दिसलं. माग काढत गेल्यावर कळलं की पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणी तरी अणुभट्टीतलं ट्रिशियमयुक्त जड पाणी मिसळलं होतं. ट्रिशियमचे किरण इतके दुबळे की कातडीसुद्धा ओलांडत नाहीत, त्यामुळे एकाही बिल्ल्यावर काही उमटलं नसतं. लघवी तपासण्याचा शिरस्ता नसता तर ते पाणी आणखी किती दिवस पोटात गेलं असतं कुणास ठाऊक.

आता तुमचे मेहुणे. तुमचा खरा प्रश्न हाच आहे, हे मला पहिल्या वाचनातच जाणवलं होतं.

लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये सुमारे २ टक्के थोरियम ऑक्साइड असतं. २.४ मिलिमीटर जाडीची सात इंची कांडी साधारण १५ ग्रॅमची, म्हणजे तीत ०.३ ग्रॅम. कांडी नुसती खिशात असली किंवा तिनं वेल्डिंग केलं तर विशेष काही नाही. धोका आहे तो बेंच ग्राइंडरवर टोक काढताना उडणाऱ्या धुळीत. हिशेब मांडू या. १ मिलिग्रॅम थोरियम-२३२ म्हणजे ४ बेकरेल. तेवढं सगळं श्वासातून आत गेलं तर पन्नास वर्षांचा मिळून डोस ०.०५ मिलिसीव्हर्टच्या आसपास. त्याच्याबरोबर असणारं थोरियम-२२८ धरलं तर दोन-तीनपट. पण १ मिलिग्रॅम थोरियम आत जायला जवळपास ५७ मिलिग्रॅम कांडीची धूळ पूर्णच्या पूर्ण नाकात जायला हवी, आणि तसं होत नाही. बरीचशी धूळ जमिनीवर पडते. मॉडेल कामाच्या ठिकाणची धूळ ५ मायक्रॉनची धरतं; त्यातली बहुतेक नाकातच अडकते, खोल फुप्फुसापर्यंत ५ टक्क्यांच्या आसपास पोचते, आणि वरच्या आकड्यात ते धरलेलंच आहे. तेव्हा घरात घाबरून जाऊ नका. मेहुण्यांच्या बायकोलाही हे सांगा.

पण हा हिशेब मी टेबलाशी बसून केलाय. ते दिवसाला किती टोकं काढतात, ग्राइंडरला धूळ ओढणारा पंखा आहे का, शेड बंद आहे का, यातलं मला काही माहीत नाही, आणि त्यांच्या कारखान्यातही हे कुणी लिहून ठेवत नसेल. शास्त्र सरकारी नोकरांसाठी नाही, पण वही आजवर त्यांचीच ठेवली गेली. तुमचा राग तिथे अगदी रास्त आहे.

एक गोष्ट मला धुळीहून जास्त खटकते. अशा शेडमध्ये मी माणसं बघितली आहेत: टोक काढून झालं की हात पँटला पुसायचे आणि त्याच तळहातावर तंबाखू मळायची. चुना, तंबाखू आणि ग्राइंडरची राखाडी धूळ, तिन्ही एकत्र गालात. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. पुढे त्यांच्या जबड्याची हाडं झिजली, कित्येकींना हाडाचा कर्करोग झाला. रेडियम पोटातून हाडात जातं तितकं थोरियम जात नाही, आणि प्रमाणही फार वेगळं, त्यामुळे मेहुण्यांचं तसं होईल असं मी म्हणत नाही. पण हातावरून तोंडात जायची वाट तीच आहे.

लघवी तपासून घ्यावी का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. आत्ता नको. थोरियम लघवीतून इतकं कमी येतं की साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ते दिसणार नाही, आणि ‘निल’ असा रिपोर्ट हातात पडला की उगाच निर्धास्त व्हाल. केरळात मोनाझाइटच्या वाळूतून थोरियम काढणाऱ्या कामगारांसाठी आपल्या शास्त्रज्ञांनी वेगळी युक्ती वापरली आहे. थोरियमपासून थोरॉन नावाचा वायू होतो, तो ५६ सेकंदांत निम्मा होतो. माणसाच्या उच्छ्वासात तो किती आहे त्यावरून आत किती थोरियम बसलंय ते काढतात. हे कुठल्याही दवाखान्यात होत नाही.

त्याआधी टंगस्टनची डबी बघा. तिच्यावर ‘डब्ल्यूटी २०’ आणि टोकाला लाल रंग असेल तर थोरियम आहे. निळ्या किंवा सोनेरी टोकाच्या कांडीत लँथॅनम असतं, राखाडी टोकाच्या कांडीत सिरियम. स्टेनलेसच्या कामाला दोन्ही चालतात. दुधाच्या टाक्या करणाऱ्या गोकुळ शिरगावच्या एका शेडमध्ये मी निळ्या टोकानं काम चाललेलं डोळ्यांनी बघितलंय. मालकाला पहिल्या दिवशी तेवढंच सांगा. आणि लाल संपेपर्यंत वापरावंच लागलं तर ग्राइंडरपाशी एक वही टांगा: तारीख, किती टोकं काढली, कुणी काढली. ज्यानं काढली त्यानंच स्वतःच्या हातानं लिहायचं. महिन्याभरानं त्या पानांचे फोटो मला पाठवा. मेहुण्यांचा हिशेब मी करून देईन.