खुलासा : अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे यकृत प्रत्यारोपण बाद, असं नाही

'अँटिकार्डिओलिपिन पॉझिटिव्ह आलं तर यकृत प्रत्यारोपण करत नाहीत, कारण नव्या यकृताच्या धमनीत गुठळी होतेच,' असा मजकूर सध्या फिरतोय. त्यातलं 'होतेच' चुकीचं आहे आणि 'करत नाहीत' हेही.

सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) किंवा हिपॅटायटिस सी असलेल्या अनेकांच्या रक्तात अँटिकार्डिओलिपिन ही गुठळ्यांशी संबंध असलेली अँटिबॉडी कमी प्रमाणात सापडते, गुठळीचा काही इतिहास नसतानाही. रिपोर्टवर १८ जीपीएल युनिट्स (ही अँटिबॉडी मोजायचं एकक) आणि समोर ठळक 'पॉझिटिव्ह' दिसलं की घरचे हादरतात. पण अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे अशा अँटिबॉडींमुळे गुठळ्या होण्याचा आजार, ठरवायच्या २००६ च्या निकषांत आकडा ४० च्या वर (किंवा ९९व्या पर्सेंटाइलच्या वर) लागतो, १२ आठवड्यांनंतरच्या तपासणीतही तो टिकावा लागतो आणि जोडीला गुठळी किंवा गर्भारपणातली ठरावीक गुंतागुंत झालेली असावी लागते. नुसत्या एका कागदावर हा सिंड्रोम ठरत नाही.

याच गटातल्या लुपस अँटिकोॲग्युलंट या अँटिबॉडीची चाचणी तर आणखी फसवी. यकृत खराब असल्यामुळे रक्त गोठायची वेळ आधीच लांबलेली असते, त्यात हेपारिन किंवा वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर निकाल वाचणं अवघड.

धोका अजिबात नाही, असंही नाही. खरा सिंड्रोम असेल तर गुठळीची भीती असतेच. बड-कियारी (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा तुंबणं) झालेल्या काही रुग्णांत मूळ कारणच हा सिंड्रोम असतो. त्यांचंही प्रत्यारोपण होतं, फक्त रक्त पातळ करणाऱ्या औषधांचं नियोजन हिमॅटॉलॉजिस्टसोबत (रक्तविकारतज्ज्ञ) आधीच ठरवतात. ती औषधं स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका.